आंबवलेला चहा आणि हिचं नाक

"डांबरगोळ्या! आवो शेठ, चहा न्हाई, डांबरगोळ्या उकळल्यात मी सकाळपास्नं! गिऱ्हाईक इचारतंय, मामा, ही पत्ती काय ट्रंकंत शालूखाली ठिवली हुती का?"

शिंगणापूरच्या वाटेवरचा आमचा हॉटेलवाला माझ्या चहापत्तीच्या दुकानाच्या फळीवर अशा मुठी आपटत होता की वजनकाट्यावर काही नसताना आकडा हलत होता. शनिवार होता, त्यात अमावस्या. अशा दिवशी त्याच्या हॉटेलात माणूस माणसाच्या मांडीवर बसून चहा पितो. तसली गर्दी सोडून तो मोटारसायकलीवरून शेवगावला भांडायला आला होता, यावरून काय ते समजा.

मीही काही कमी नाही. म्हणालो, "तुझं चहा गाळायचं फडकं आधी बघ. तुझ्या लग्नातला अंतरपाट आहे तो, आणि मंगलाष्टकं संपल्यापासून धुतलेला नाही. माझ्या मालाला नावं ठेवतोस? ही गोणी हिनं पास केलीय, हिनं!"

"त्येच म्हंतो ना! वहिनींनी पास केलेली म्हनून डोळं झाकून नेली." तो माझा नाद सोडून वळला. ही नेहमीसारखी गोण्यांच्या बाजूला स्टुलावर बसली होती. त्यानं पुडा तिच्यापुढं धरला. "वहिनी, ह्यांचं सोडा. तुमी वास घ्या. तुमी म्हनाल ती पूर्वदिशा."

हिनं चिमूटभर पत्ती तळहातावर घेतली. तिच्यावर तोंडानं "हाऽ" करून गरम श्वास सोडला, कारण कोरडी पत्ती आपला वास सहजासहजी देत नाही. मग डोळे मिटून नाक तळहाताला टेकवलं. तिसेक वर्षं मी हे बघत आलोय. देवळात दिवा लावताना बाई जशी दिसते तशी ती दिसते.

"काही नाही," ती म्हणाली. "माल चांगला आहे."

हॉटेलवाल्यानं बोलायला तोंड उघडलं. तिच्याकडं बघितलं. मिटलं. हा माणूस म्हणजे एसटीत बसायच्या जागेवरून कंडक्टरशी शेवगावला भांडण सुरू करून नगरच्या स्टँडवर संपवणारा. पण त्यानं मुकाट्यानं पुड्याचं तोंड गुंडाळलं आणि म्हणाला, "व्हय वहिनी. माझंच कायतरी चुकलं आसंल." चहाला थांबला नाही. पुडाही फळीवरच राहिला.

मी मिशीला पीळ दिला. "बघितलंस? तुझ्या एका शब्दात नांगी टाकली."

ती पदरानं तळहात पुसत होती. बराच वेळ पुसत होती.

माझ्या नाकाचं म्हणाल तर ते तपकिरीनं कधीच खाऊन टाकलंय. आता त्यात फक्त शिंका राहतात. मला ऊद आणि टायर जळतानाचा धूर यांतला फरक डोळ्यांना पाणी किती येतं त्यावरून कळतो. चहाचा व्यापारी आणि नाक नाही, म्हणजे सोनार आणि आंधळा. पण देवानं जमाखर्च बरोबर ठेवला. माझं नाक काढून घेतलं आणि हिला दोन माणसांचं दिलं.

हिच्या नाकाच्या गोष्टी तालुक्यात मीच पसरवल्या, हे कबूल करतो. पाथर्डीत कुणी मिरचीची फोडणी दिली की ही इथं पदर नाकाला लावायची. एकदा मालाचा ट्रक नाक्यावर उभा होता, दुकानापासून अर्ध्या किलोमीटरवर, आणि ही म्हणाली, "मधली एक गोणी भिजलीय." ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली असेल, आणि दर वेळी तो ट्रक थोडा थोडा मागं सरकत गेलाय. शेवटी शेवटी तर तो औरंगाबाद रस्त्यावर पोचला होता. ही म्हणायची, "शिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत तशी तुमच्या तोंडाला कडी नाही."

पण एक गोष्ट मी कधी वाढवली नाही, कारण ती वाढवायची गरजच पडली नाही. लग्नाला दोन महिने झाले होते. ही श्रीरामपूरच्या शिक्षकाची मुलगी, घरात दिवसाला एकच कप चहा, तोही अर्धा दूध. गोदामाच्या दारात झाडू मारता मारता ती थबकली. म्हणाली, "खालच्या तिसऱ्या गोणीला साबणाचा वास येतोय." माझे वडील हसले. गोणी फोडली. ज्या टेम्पोतून माल आला त्याच टेम्पोत साबणाची खोकी होती. चहा आजूबाजूचा सगळा वास पिऊन घेतो, हे वडिलांना माहीत होतं, पण अशा घट्ट शिवलेल्या गोणीतून तो कुणाला येत असेल हे माहीत नव्हतं. त्यांनी त्याच दिवशी स्वतःचं स्टूल उचलून तिच्यापुढं ठेवलं.

तेव्हापासून आमच्या दुकानाचा रिवाज असा. दर सोमवारी सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत पाच पांढरे कप मांडायचे. प्रत्येक गोणीतला नमुना, कोरा, बिनसाखरेचा. ही चमच्यानं घोट घेणार, तोही असा सुर्रकन ओढून की रस्त्यावरची गाढवं कान टवकारतील. मग एक शब्द. "कडक." "गवताळ." "करपलाय." "परत पाठवा." शेवगावापासून शिंगणापुरापर्यंतच्या हॉटेलांतला चहा त्या एका शब्दावर ठरायचा. पाटीवर नाव माझं, पण लोक "वहिनींचा चहा" मागतात. हिला दागिन्यांचा सोस नाही, सिनेमाचा नाही. ते स्टूल तेवढं तिचं.

त्या अमावस्येनंतर चारच दिवसांनी कुरिअरनं एक पार्सल आलं. आत कागदात गुंडाळलेली, शेणाच्या गोवरीसारखी गोल, चपटी, काळपट वडी. मला वाटलं, मुलीनं होमाला गोवरी पाठवली. आमची मुलगी पुण्यात कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तिचा काही नेम नाही. ही भाजी आणायला गेली होती. मी फोन लावला.

"पप्पा, आई जवळ आहे का?"

"नाही. ही गोवरी कशाची?"

"चहा आहे तो. चीनमधून मैत्रिणीनं आणला. आंबवलेला."

"मग त्यात काय नवल? आपलाही आंबवलेलाच. आसामच्या कारखान्यात त्या खोलीला फर्मेंटिंग रूमच म्हणतात. मी डोळ्यांनी पाहिलीय. सात मजली असते."

"तुम्ही गुवाहाटीच्या पुढं गेलेला नाहीत. आणि ते नाव उगाच पडलंय. मला सांगा, वांगं चिरून ताटात ठेवलं की काय होतं?"

"आई ओरडते. पाण्यात टाका म्हणते."

"का?"

"काळं पडतं."

"बस, आपल्या चहाचं तेवढंच होतं. पान चुरडलं, हवा लागली, काळं पडलं. भट्टीत वाळवलं की थांबलं. त्यात आंबत काही नाही, हवेचं काम ते. ह्याचं उलट आहे. ह्यात पान आधीच कढईत तापवून घेतात, म्हणजे ते काळं पडणं बंद. मग ओलसर ढीग लावून झाकून ठेवतात. आजोबांच्या मळ्यातला शेणखताचा ढीग आठवतो?"

"आठवतो की. आत हात घातला तर चटका बसायचा. मी त्यात एकदा अंडं उकडलं होतं."

"अंडं राहू दे. तो गरम कशानं व्हायचा? आतल्या बारीक जिवांनी. इथंही तेच. बुरशी, जिवाणू महिना-दीड महिना त्या पानांवर काम करतात. मग दाबून वड्या पाडतात आणि वर्षानुवर्षं ठेवतात. आपला चहा भट्टीतून निघाला की पूर्ण झाला, नंतर गोणीत तो फक्त शिळा होत जातो. हा ठेवाल तसा बदलत राहतो."

"म्हणजे उकिरड्यावरचा चहा."

ती हसली. हुबेहूब हिचं हसू. "वास तसाच आहे, ओल्या मातीचा, जुन्या लाकडाचा. कुणालाही झोपेतसुद्धा कळेल. म्हणूनच पाठवलाय. आईला आधी सांगायचं नाही. सोमवारच्या नमुन्यांत एक कप हा ठेवा, आणि ती काय म्हणते ते शब्दन् शब्द मला सांगा. मी वर्गात मुलांना आईची गोष्ट सांगणार आहे."

माकडाच्या हाती कोलीत दिल्यासारखं झालं. चार दिवस मी पोटात हसू दाबून हिंडत होतो. जेवताना मध्येच हसू फुटायचं. ही विचारायची, "काय झालं?" मी म्हणायचो, "काही नाही, तुझ्या माहेरचे आठवले."

सोमवारी पहाटे उठून मी स्वतः पाणी उकळलं. वडीचा तुकडा अडकित्त्यानं तोडला. कपात पाणी ओतलं आणि काय सांगू, माझ्या ह्या मेलेल्या नाकालासुद्धा वास आला! पंचवीस वर्षांत पहिल्यांदा! विहिरीत उतरल्यावर कडेच्या ओल्या दगडांचा येतो तसा. मी घोट घेतला. मऊ. जिभेला चावणं नाही, ओरखडा नाही, आपल्या चहाची ती खणखण नाही. रंग मात्र शाईसारखा गडद. मी तो चौथा कप म्हणून मांडला. इतर चार आपले, रोजचे. मग फळीच्या आड असा उभा राहिलो की तिचं तोंड दिसावं. मनात म्हटलं, आता ही कप ठेवणार, माझ्याकडं बघणार आणि म्हणणार, "हा काय चावटपणा?"

पहिला कप. "कडक." दुसरा. "बरा." तिसरा. "कडक."

चौथा. आधी कप उजेडाकडं तिरका करून रंग बघितला. पूर्वी ती आधी वाफ घ्यायची. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. मग चमचा. सुर्रकन घोट. जीभ टाळूला लावली. थांबली.

मी फळीआडून मान पुढं काढली.

"रंग छान आहे. जरा मऊ पडतोय. दुसऱ्या कडक मालात मिसळा, दूध पेलेल."

आणि पाचव्या कपाकडं वळली.

मी वाट बघितली. वाटलं, ही माझी फिरकी घेतेय. हिनं ओळखलंय, आता हसेल. पाचवा कप झाला. तिनं चमचा धुतला, फडक्याला पुसला, कप गोळा केले. चौथा कप उचलताना त्याची वाफ सरळ तिच्या तोंडावर येत होती. अख्ख्या दुकानात विहिरीतला वास भरला होता, तपकिरीनं मेलेल्या नाकाला येत होता. ती कप घेऊन आत गेली.

जीभ शाबूत होती तिची. मऊ आहे हे तिनं बरोबर पकडलं. फक्त नाक नव्हतं.

मी गोदामात गेलो आणि कडी लावून घेतली. कोपऱ्यातली जागा शेजारच्या चादरीवाल्याला वापरायला दिलीय. त्याचे गठ्ठे आमच्या गोण्यांना टेकवलेले होते. खाली वाकलो तर गठ्ठ्यांखालून पांढऱ्या डांबरगोळ्या घरंगळलेल्या दिसल्या, मूठभर. त्या गोण्यांपासून हातभरावर, गोदामाच्या दाराला लागूनच दुकानात हिचं स्टूल. ती रोज तिथं बसत होती.

तिथं त्या गोण्यांवर बसून मला एकेक दिसायला लागलं. श्रावणात तिला आठ दिवस ताप आला होता. त्यानंतर एकदा ती ओट्यासमोर उभी असताना दूध करपून पातेलं काळं झालं, आणि मी दारातून ओरडलो होतो, "नाकाची ख्याती एवढी आणि समोरचं दूध कळत नाही?" ती राखेनं पातेलं घासत बसली होती. फोडणीत हिंग कधी दुप्पट, कधी नाहीच. आंघोळीनंतर ती साबणाची वडी हातात धरून उभी असायची, वास घेत, मग परत घेत. मला वाटायचं, बायकांचं काहीतरी.

तीन महिने. तीन महिने ती गोणीवरचा चहाच्या बागेचा शिक्का बघून, पत्ती बोटांत चुरडून, कपातला रंग बघून शब्द देत होती. बाकी सगळं तसंच करत होती. तळहातावर श्वास, मिटलेले डोळे, नाक टेकवणं. या घरात थापा मारायचा मक्ता माझा. मी सात मजली खोल्या बांधतो, ट्रक हाकतो, शेणखतात अंडी उकडतो. आणि जिनं आयुष्यात भाजीवाल्याशीसुद्धा खोटं बोलून घासाघीस केली नाही, तिनं शेजारच्या स्टुलावर बसून मला तीन महिने पत्ता लागू दिला नाही. माझ्यासारख्या माणसालाही ती सांगू शकली नाही. खरं म्हणजे माझ्यासारख्यालाच. तिला माहीत होतं, मी त्याचीही गोष्ट करीन.

दुसऱ्या दिवशी नगरला काम आहे अशी थाप मारून मी गोण्यांतल्या नमुन्यांच्या पाच पुड्या घेऊन शिंगणापूरच्या वाटेवर हॉटेलवाल्याकडं गेलो. त्याला मागच्या बाकावर बसवलं आणि पुड्या पुढं केल्या. "वास घेऊन सांग. कोणता चांगला, कोणता बाद."

त्यानं पुड्यांकडं बघितलं नाही. "शेठ, म्या का घ्यायचा वास?"

"असंच."

"वहिनींनी घेतला न्हाई?"

मी गप्प. हे त्यालाही नवीन असावं, कारण त्यानं खांद्यावरचं फडकं काढून मांडीवर ठेवलं.

"मला त्या दिशीच कळलं," तो म्हणाला. "त्यो पुडा नाकाला लावला तर मानूस तोंड फिरवतंय. वहिनी हललीच न्हाई. अन् डोळं उघडून माझ्याकडं अशी बगितली, जनू काय मीच आता निकाल देनार. म्हनून गप गेलो. लई वाईट वाटलं, शेठ. दोन घास जेवन ग्येलं न्हाई."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तुमाला?" तो म्हणाला. "तुमी ऐकता कवा?"

मग त्यानं एकेक पुडी उघडून वास घेतला. दोन बाजूला काढल्या. मी त्या दोन गोण्या संध्याकाळी शेतात नेऊन मातीत मिसळल्या आणि हिला सांगितलं की पैठणच्या एका पार्टीला माल इतका आवडला की त्यानं उभ्या उभ्या उचलला. ती म्हणाली, "बरं झालं." मी एवढ्यावरच ठेवायचं ठरवलं होतं. सोमवारच्या आदल्या दिवशी गुपचूप हॉटेलवाल्याकडून नमुने हुंगवून आणायचे, बाद गोण्या मांडायच्याच नाहीत, आणि तिनं जो शब्द दिला तो पाळायचा. ते स्टूल हलवायचं नाही. माझ्या हिशेबानं हे मरेपर्यंत चाललं असतं.

बुधवारी सकाळी मुलीचा फोन आला. दुकानात कुणी नव्हतं. ही आत भाजी चिरत होती, विळीचा आवाज येत होता.

"पप्पा, सांगा! सोमवारचं काय झालं? आई काय म्हणाली?"

एका दमात सांगून टाकायचं होतं. पोरगी शिकलेली, कुठल्या डॉक्टरकडं न्यायचं ते तिनं सांगितलं असतं. पण तिच्या आवाजात तो उत्साह होता, आणि तिचा वर्ग आईची गोष्ट ऐकायला बसलेला मला दिसत होता.

"काय म्हणाली?" मी म्हणालो. "अगं, कप अजून फळीवर टेकलाही नव्हता. मी आतून घेऊन येतोय, हिचे डोळे मिटलेले, आणि तिथूनच म्हणते, 'हे आपलं नव्हे.' मी म्हटलं, का गं? म्हणते, 'याला ओल्या मातीचा वास येतोय. विहिरीत उतरलं की कडेच्या दगडांना येतो तो. आणि मागं जुनं लाकूड आहे, पावसात भिजून वाळलेलं. हे पान हवेनं काळं पडलेलं नाही, हे झाकून ठेवलेलं आहे, कुणीतरी खाली बसून मुरवलंय.' एक घोट न घेता! मग घोट घेतला आणि म्हणते, 'याला दूध लावाल तर पाप लागेल.'"

"आई असं म्हणाली?" पोरीनं परत विचारलं. "झाकून ठेवलेलं, असं म्हणाली?"

"अगदी असंच."

"मी आजच वर्गात सांगते. द्या तिला फोन."

"आंघोळीला गेलीय," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

विळीचा आवाज थांबला होता. कधी थांबला, मला कळलं नव्हतं. ही आतल्या दारात उभी होती, हाताला भाजीचा चीक लागलेला. ती किती वेळ तिथं होती हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं.

"सोमवारचा चौथा कप?" तिनं विचारलं.

मी मान हलवली.

"मातीचा वास होता त्याला?"

तोंडात दहा गोष्टी आल्या. एकही बाहेर पडली नाही. "होता," मी म्हणालो.

ती स्टुलाकडं बघत नव्हती, माझ्याकडंही नाही. हाताचा चीक अंगठ्यानं चोळून काढत होती.

"मला नाही आला," ती म्हणाली.